कप्पीच्या शोधांत

चिंचवडच्या माणसास 'तुमचें गांव कसलें?' असें कोणीं विचारलें, तर दोन उत्तरें एकदम ओठांवर येतात. एक श्रीमोरया गोसावींच्या समाधीचें, पवनेच्या घाटाचें आणि चापेकर बंधूंच्या वाड्याचें. दुसरें लोखंडाचें, लेथांचें आणि तीन पाळ्यांचें. आमचें बिऱ्हाड पहिल्या गांवांत आहे आणि घरांतील बहुतेकांचें पोट दुसऱ्यावर चालतें. एरवीं या दोन गांवांची गांठ क्वचितच पडते. गेल्या पावसाळ्यांत ती आमच्या माजघरांत पडली, आणि तिच्या निमित्तानें मला चाकणच्या दोन खेपा घडल्या. त्यांचीच ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमच्या थोरल्या काकू, ज्यांना सारें घर माई म्हणतें, नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. १ एप्रिल १९५५ रोजीं पुणें आकाशवाणीनें 'गीतरामायण' सुरू केलें, तेव्हां त्या नवी सून म्हणून या घरांत नुकत्याच आल्या होत्या. वर्षभर, दर आठवड्यास एक, अशीं छप्पन्न गीतें त्यांनीं शेजारच्या रेडिओपुढें बसून ऐकलीं. रेडिओवर गाणारे पुष्कळ होते. पुढें तबकड्यांचा संच निघाला, तो सर्वस्वी सुधीर फडक्यांच्या आवाजांत. दहा तबकड्यांचा तो संच काकांनीं पोटाला चिमटा घेऊन आणला. काका गेले, त्यांचें यंत्रही मोडींत गेलें. तबकड्या मात्र माईंच्या कपाटांत पातळांशेजारीं उभ्या राहिल्या. आतां माईंची दृष्टि अधू झाली आहे. वाचन सुटलें, कान तेवढे शाबूत आहेत. 'एकदां त्या तबकड्या ऐकायच्या आहेत,' हें त्यांचें मागणें आम्ही ऐकून सोडून देत होतों. मोबाईलवर तींच गीतें लावून दिलीं, तर म्हणाल्या, "चांगलें आहे हो. पण ह्यांनीं आणलेलें तें हें नव्हे."

अशांत माझा पुतण्या अमेरिकेहून सहकुटुंब कायमचा परतला, आणि त्याच्या सामानांतून पन्नासएक वर्षांपूर्वींचें एक टर्नटेबल निघालें. भक्कम लांकडी बैठक, जड थाळी, आणि रबरी पट्ट्यानें ती थाळी फिरविणारी लहानशी मोटर. अमेरिकेंतील घरगुती वीज सुमारें १२० व्होल्टची, आपली २३० ची. म्हणून त्यानें ट्रान्सफॉर्मरही आठवणीनें आणला होता. त्या सायंकाळीं आमच्याकडे सत्यनारायणाच्या पूजेस जमावीत तितकीं माणसें जमलीं. सुई टेंकली, वाद्यें वाजूं लागलीं आणि पाठोपाठ आवाज आला. आवाज ओळखीचा, पण जड आणि सुस्त. माई क्षणभर ऐकून म्हणाल्या, "बाबूजींना पडसें झालें आहे का रे?" हंशा पिकला. माई हंसल्या नाहींत. "बंद करा," एवढेंच म्हणून काठी टेंकीत त्या आंत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरांत वैद्यांचा सुळसुळाट झाला. जुना पट्टा सैल पडून घसरत असेल, असें एकाचें निदान. नवा पट्टा आणला. मोटरीचें वंगण आटलें असेल, असें दुसऱ्याचें. पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. सुई तबकडीवर फार दाबत असेल, असें तिसऱ्याचें. सोनाराकडील छोट्या कांट्यावर तोलून ती दोन ग्रॅमांवर आणली. हें सर्व करणें योग्यच होतें, पण आवाजांत तिळमात्र फरक पडला नाहीं. अखेर आमच्या सूनबाईंनीं माजघरांत पेटी ओढली. एकीकडे मोबाईलवर आणि दुसरीकडे तबकडीवर तेंच गीत लावून त्यांनीं दोहोंचा षड्ज पेटीवर धरला. तबकडीचा षड्ज तीन पट्ट्या आणि वर अंमळ अधिक असा खालीं उतरलेला होता. "मामंजी, हा दोष सुईचा नव्हे, गतीचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि पट्टा घसरत असता तर स्वर डळमळला असता. हा तर स्थिर आहे."

पस्तीस वर्षें गणित शिकविणाऱ्या मला जें सुचलें नाहीं तें पेटीनें सांगितलें. स्थिरपणें मंद चालणारें यंत्र बिघडलेलें नसतें. तें कोणाची तरी आज्ञा पाळीत असतें. या जातीची मोटर व्होल्टेजच्या नव्हे, विजेच्या हेलकाव्यांच्या तालावर चालते. अमेरिकेंत वीज सेकंदास ६० वेळां हेलकावते, आपल्याकडे ५० वेळां. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवितो, पण हेलकावे मोजून कमीजास्त करणें हें त्याचें काम नव्हे. तिकडे मिनिटास ३०० फेरे घेणारी ती मोटर चिंचवडांत २५० च घेत होती, आणि मिनिटास ३३⅓ वेळां फिरावयाची थाळी २८ देखील पुरे करीत नव्हती. म्हणजे मोटरीच्या दांड्यावर बसणारी, पट्टा ओढणारी पितळी कप्पी सहा-पंचमांश मोठी हवी. मीं कप्पी मोजली: व्यास साडेबारा मिलिमीटर. पांचास सहा, तर साडेबारास पंधरा. कागदाच्या चिटोऱ्यावर आकृति काढून मी मोठ्या दिमाखानें घराबाहेर पडलों.

आतां कप्पी करून घ्यावयाची, तर याहून सोयीचें गांव हिंदुस्थानांत कोठें मिळणार? १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. मागोमाग आकुर्डीस स्कूटरी आणि पिंपरीस मालमोटारी होऊं लागल्या. त्या मोठ्या कारखान्यांच्या आश्रयानें भोसरीच्या माळावर लेथवाल्यांच्या शेकडों शेडी उठल्या, आणि १९८२ त या साऱ्याची मिळून महानगरपालिका झाली. भोसरीच्या एकेका गल्लींतून जातांना तापलेल्या तेलाचा आणि लोखंडी किसाचा जो वास येतो, तो आमच्या पिढीस उदबत्तीइतकाच परिचयाचा आहे. पण पहिल्याच शेडींत मला विचारलें, "किती नग?" मीं म्हटलें, "एक." दुसऱ्या शेडींत तोच प्रश्न, तेंच उत्तर, तेंच हंसू. तिसऱ्या ठिकाणच्या तरुणानें समजावून सांगितलें कीं, त्याचें यंत्र संगणकावर चालतें. तें एका नगासाठीं लावावयाचें म्हणजे पंगतीसाठीं पेटविलेल्या चुलाण्यावर एक पापड भाजणें होय. "चाकणला जा, गुरुजी. तळेगांव रस्त्यावर एक म्हातारे मिस्त्री आहेत. ते अजून हातानें लेथ चालवितात."

भोसरी सुटली कीं पूर्वीं शेतें लागत. आतां मोशीपर्यंत इमारतींची रांग तुटत नाहीं. इंद्रायणीचा पूल ओलांडतांना उजवीकडे आळंदीच्या दिशेनें सहज हात जोडावेत तोंच मालमोटारींची गर्दी पुढें रेटते. चिंबळी, कुरुळी हीं गांवें बसच्या खिडकींतून केवळ पाट्या म्हणून वाचावयाचीं. चाकणास पोंचावयास मला दोन तास लागले.

मिस्त्री सत्तरीचे. चिटोरा डोळ्यांजवळ धरून त्यांनीं एकच विचारलें, "कशासाठीं?" मीं माईंची गोष्ट सांगितली. "तासाभरानें या," ते म्हणाले. तो तास मीं संग्रामदुर्गांत काढला. १६६० त शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें हा भुईकोट पन्नासाहून अधिक दिवस झुंजविला; शेवटीं सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हां तो पडला. आज पडक्या भिंती आणि गवत एवढेंच शिल्लक आहे. चाकणचें नांव काढतांच लोकांस मोटारी आठवतात, किंवा फार तर कांद्याचा बाजार.

परतलों तों कप्पी तयार होती. तिची चकाकी पाहून पैसे विचारले, तर मिस्त्री म्हणाले, "आधीं लावून बघा."

घरीं गति तपासावयास आम्ही रेघांची कागदी चकती थाळीवर ठेवली. तिच्या कडेनें १८० रेघा असतात. सेकंदास शंभरदां लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडांत गति बरोबर असेल, तर त्या रेघा जागच्या जागीं उभ्या दिसतात. एल. ई. डी. च्या नव्या दिव्यांत कांहींच उमजेना. शेवटीं जुन्या बोर्डावरचा निऑनचा तांबडा दिवा कामास आला. खोली काळोखी करून सारें घर त्या चकतीवर वांकलें. रेघा उभ्या राहिल्या नाहींत. मुंगीच्या पावलांनीं त्या मागें मागें सरकत होत्या. घड्याळ लावून मोजल्या, तर मिनिटास सुमारें शेहेचाळीस. पाऊण टक्का गति कमी! पुतण्या म्हणाला, "एवढें कोणाला कळणार, काका?" माई पलंगावरून म्हणाल्या, "मला सांगूं नका, लावूनही दाखवूं नका. झालें म्हणजे बोलवा."

दुसऱ्या खेपेस मिस्त्रींनीं माझें गणित पुन्हां ऐकलें आणि पहिलाच प्रश्न केला, "पट्ट्याची जाडी धरली होती?" मी गप्प. पट्टा कप्पीवर बसला कीं ओढणारी रेषा कप्पीच्या पृष्ठावर नसून पट्ट्याच्या मध्यावर असते. अर्थात् व्यासांत पट्ट्याची एक जाडी मिळवून मग पांचास सहा करावयाचे आणि पुन्हां ती जाडी वजा करावयाची. पट्टा होता ०.६ मिलिमीटरचा. साडेबारा आणि सहा-दशांश मिळून १३.१, त्याचे झाले १५.७२, जाडी काढून उरले १५.१२. मीं १५ सांगितले होते. हिशेब त्यांनीं खडूनें लेथच्या पत्र्यावर केला आणि माझ्याकडे न पाहतां लेथ सुरू केला. माझ्या अनेक विद्यार्थ्यांस मीं याहून लहान चुकीबद्दल बांकावर उभें केलें आहे.

या वेळीं रेघा उभ्या राहिल्या. (चकतीला दिवा दाखविणारी वीज आणि मोटर फिरविणारी वीज एकच, त्यामुळें विजेचे हेलकावेच मंदावले तर हा साक्षीदारही फितूर होतो. पूर्वीं टंचाईच्या दिवसांत ते ४९ च्याही खालीं जात. अलीकडे ५० च्या आसपास बांधून ठेवलेले असतात.) राहिलेलीं कामें मग भराभर उरकलीं. थाळी पाणसळ लावून सपाट केली. मुलें धांवलीं कीं लांकडी जमिनीच्या हादऱ्यानें सुई उडे, म्हणून यंत्र जाड भिंतींतील कोनाड्यांत हलविलें. सुईच्या तारेजोडीबरोबर येणारी हिरवी बारीक तार आम्ही निरुपयोगी समजून गुंडाळून ठेवली होती. ती अँप्लिफायरच्या पत्र्यास जोडतांच भुंग्यासारखी घूं-घूं थांबली. ज्यांच्या घरीं लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत त्यांना एक विनंति: त्या या सुईनें वाजवूं नका. त्यांची खाच तीन-चार पट रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. आणि चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन तर या तबकड्यांवर चुकूनही टेंकवूं नका.

माईंना बोलाविलें तेव्हां रात्रीचे नऊ झाले होते. त्या कोनाड्याशेजारीं पाटावर भिंतीस टेंकून बसल्या. पहिलें गीत संपलें, दुसरें सुरू झालें. एका ठिकाणीं तबकडीस जुना चरा आहे; तेथें 'टक्' असा आवाज आला, आणि इतका वेळ स्तब्ध असलेल्या माई हंसल्या. "हा ह्यांच्या हातून पडला," त्या म्हणाल्या. "लावतांना हात थरथरला होता. मी रागावलें होतें."

बाजू उलटावयास पुतण्या उठला, तर त्यांनीं हातानें खुणावून त्याला बसविलें आणि तीच पुन्हां लावावयास सांगितली.

मिस्त्रींना मीं फोन केला. पैसे किती, हें त्यांनीं तेव्हांही सांगितलें नाहीं. म्हाताऱ्या आईंना आवडलें का, एवढेंच विचारलें. १५ ची चुकीची कप्पी माझ्या टेबलावर आहे. पुतण्याची धाकटी मुलगी तिचा भोंवरा करून फिरविते.