उसातली पावलं

माहेरी, जुन्नरला, वाचनालयातून आलेलं पुस्तक आधी अब्बांच्या हातात जायचं. ते दोन-चार पानं चाळायचे आणि परत द्यायचे. नारायण धारपांचं पुस्तक मात्र त्यांनी परत दिलं नाही, कपाटावर ठेवून दिलं. मुखपृष्ठावर हिरवट चेहरा होता, डोळ्यांच्या जागी खळगे. "आत काय असेल ते बाहेरूनच कळतंय," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघी बहिणी तेव्हा सातवीत आणि नववीत. त्या रात्री लाइट गेले, अब्बा इशाच्या नमाजला मशिदीत गेले आणि आम्ही स्टूल ओढलं. गोधडीच्या आत एक बॅटरी, एक पुस्तक आणि दोन डोकी. एकीचं वाचून व्हायचं, दुसरीचं व्हायचं नाही, म्हणून पान उलटण्यावरून चिमटे.

पहिली चाळीस पानं काहीच घडलं नाही. धारप वाचले नाहीत त्यांना त्या मुखपृष्ठांमुळे वाटतं की आत रक्ताचे पाट वाहत असतील. तसं नसतं. कुणाला तरी दूरच्या नातेवाइकाचा वाडा वारसाहक्काने मिळतो. तो तिथे जातो, वळकटी सोडतो, स्टोव्हवर चहा करतो. काल लावलेलं दार आज किलकिलं दिसतं. वारा असेल, असं तो म्हणतो. वारा नाही हे आपल्याला कळलेलं असतं आणि त्याला सांगता येत नाही, हीच खरी भीती. ओरडणारी माणसं त्यांच्याकडे फार कमी. रसायनशास्त्र शिकलेल्या या पुणेकर माणसाने (जन्म १९२५, मृत्यू २००८) शंभरावर पुस्तकं लिहिली आणि साधी माणसं, साधी घरं, साधी वाक्यं सोडली नाहीत. त्यांची जन्मशताब्दी २०२५ साली झाली. आमच्याकडच्या कुठल्या वाङ्मय मंडळात त्याचा फार गाजावाजा झालेला दिसला नाही. भयकथेला आपल्याकडे पाहुण्यांच्या खोलीत बसवत नाहीत.

वाचक मात्र होते, आणि ते बोलत होते. वाचनालयाच्या त्या प्रतीत मागच्या कोऱ्या पानावर कुणी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'रात्री वाचू नये.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'मी वाचलं. काही होत नाही.' आणि त्याखाली तिसऱ्याचं, 'आमचा संडास परसात आहे. वाचू नये.' आम्ही तोंडावर गोधडी दाबून हसलो. मग आमचाही परसातच आहे हे आठवलं.

आठवड्याने चोरी पकडली गेली. अब्बांनी विचारलं, "कुठपर्यंत आलात?" ते स्वतः फजरनंतर वाचत होते! आमच्या आधी संपवलंही होतं. इब्ने सफीच्या जासूसी कादंबऱ्या ट्रंकेत जपणारा माणूस, कपाटावर ठेवलेलं पुस्तक किती दिवस न वाचता ठेवणार?

त्यांची हरकत भुताला नव्हती. जिन्नांवर आपला विश्वासच आहे, कुरआनात त्यांच्या नावाची सूरह आहे. हरकत होती ती धारपांच्या 'समर्थां'ना. संकटात सापडलेल्या माणसाला समर्थ येऊन आपल्या सामर्थ्याने सोडवतात, हे अब्बांना पटेना. "सोडवणारा एकच आहे," ते म्हणायचे. आम्ही त्यांना सांगितलं नाही की आम्ही आमची तोड केव्हाच काढली होती. समर्थांनी पुस्तकात डोळे मिटले की आम्ही गोधडीत आयतुल कुर्सी सुरू करायचो. पुस्तकातलं संकट टळायचं, आणि आमच्या लेखी ते त्यानेच टळायचं. धारपांना हे कळलं असतं तर ते हसले असते, असं वाटतं.

मोठं झाल्यावर कळलं की 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलेली आहे, आणि 'शपथ' त्याच्याच 'इट'वरून. पुष्कळ वाचकांना इथे फसवल्यासारखं वाटतं. बीएडच्या वर्षात आम्हालाही वाटलं होतं. 'तुंबाड' सिनेमा २०१८ साली आला, त्यात धारपांच्या ज्या 'आजी' कथेचा धागा आहे तिचंही मूळ किंगच्या कथेतच. आता राग उरलेला नाही. कल्पना उसनी असेल, पण आजी, माजघर आणि तिथला अंधार आपल्याकडचे आहेत. आणि सहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तोच सिनेमा पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. वाचकांचंही असंच होतं, भीती कधीकधी उशिरा पोचते.

रत्नाकर मतकरी आमच्या हाती नंतर आले. त्यांना आम्ही मुलांचे लेखक समजत होतो, 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण सगळ्यांच्या ओळखीची. त्यांच्या गूढकथा वाचल्या आणि झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. धारपांकडे वाईट बहुधा बाहेरून येतं, दार वाजवतं. मतकरींकडे ते पुष्कळदा घरातच जेवायला बसलेलं असतं. मतकरी २०२० च्या मे महिन्यात करोनाने गेले. त्या रमजानमध्ये घरात कोंडून असताना आम्ही त्यांच्या कथा पुन्हा काढल्या आणि दोन वाचून ठेवून दिल्या.

आता आम्ही दोघी एकाच घरात सुना आहोत, आंबेगाव तालुक्यात एकाच शाळेत शिकवतो. इथे भीती पुस्तकातून यावी लागत नाही. डिंभ्याच्या पाण्याने ऊस आला, उसात बिबटे आले. उसाच्या फडात मादी पिलं घालते, तोडणी आली की पिलं सापडतात. जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. शेतीची वीज रात्रीची आली तर माणूस रात्री पाणी द्यायला जातो, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. शेजारच्या शिरूर तालुक्यात २०२५ साली बायका खिळ्यांचे पट्टे गळ्यात बांधून शेतात जात होत्या, ते फोटो सगळ्यांनी पाहिले. अशा मुलखातल्या मुलांना भयकथा कशाला, असं स्टाफरूममध्ये एकाने विचारलंही. पण मुलंच मागतात. बिबट्याची भीती कुठे संपते ते ठाऊक नसतं; कथेची शेवटच्या पानावर संपते. म्हणून वर्गाच्या कपाटात आम्ही धारपांची चार पुस्तकं ठेवली.

आठवीतल्या एका मुलीने ती चारही दोन महिन्यांत वाचली. आम्हाला फार कौतुक वाटलं. मग निबंध दिला, 'मला भीती वाटते तेव्हा.' बाकीच्यांनी बिबट्या, पाल, गणिताचा पेपर लिहिलं. तिने लिहिलं की संध्याकाळी एसटीच्या थांब्यावरून घरी जाताना उसातून कुणीतरी बरोबर चालतं. ती थांबली की ते थांबतं. पानं वाजतात, मग वाजत नाहीत. घरी सांगितलं तर वारा म्हणतात.

आम्ही त्याला दहापैकी नऊ गुण दिले. खाली लाल शाईने लिहिलं, 'वा! धारप आठवले.' शेरा कुणी लिहिला ते महत्त्वाचं नाही. वही दोघींनी वाचली होती आणि दोघी खूश झालो होतो.

पुढच्या महिन्यात ती शाळेत यायची थांबली. आई आली ती पुस्तक घेऊनच. "मॅडम, तुमच्या या पुस्तकानं पोरीला धरलं." मुलगी रात्री उठून बसते, जेवत नाही, अंगाला हात लावू देत नाही. एका बाबाकडे नेऊन दोरा बांधून आणला होता, अमावास्येला परत बोलावलं होतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, आम्ही तो वर्गात शिकवतो. त्या बाईसमोर एकही कलम तोंडातून निघालं नाही. मनात एवढंच चाललं होतं, पुस्तक द्यायला नको होतं का?

त्या रात्री ती वही पुन्हा काढली. लाल शाई आधी दिसली. मग खालून वर वाचलं. धारपांच्या कथेत पावलं वाजतात तेव्हा ती वाड्यात, जिन्यावर, अंधारात वाजतात. हिने वेळ लिहिली होती, साडेसहा. वार लिहिले होते, मंगळवार आणि शुक्रवार. बिबट्या वार बघून येत नाही. जिन्नही नाही.

लहानपणी अब्बा झोपताना शेवटच्या सूरह म्हणून घ्यायचे आणि अर्थ सांगायचे. अगदी शेवटच्या सूरहमध्ये मनात कुजबुज करणाऱ्यापासून आसरा मागितला आहे, तो जिन्नांतला असो किंवा माणसांतला. हे आम्ही पोरींना शिकवतो, अर्थासकट. इतकी वर्षं 'जिन्न' शब्दाशीच थांबत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. भुताबद्दल काही विचारलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या रस्त्याला कोण असतं, एवढंच विचारलं. ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग आईकडे न बघता नाव सांगितलं. नाव ओळखीचं होतं, आईच्याही. पुढे पोलीस, घरचे, गावातले काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. आईने दोरा स्वतः कापला आणि चुलीत टाकला. आमची माफी तिने मागितली, तेव्हा वहीतला तो शेरा आम्ही तिला वाचून दाखवला.

नंतर काही महिने तिला थांब्यावरून घरापर्यंत आमच्यापैकी एक सोडायची. उसाच्या कडेने चालताना ती धारपांच्या गोष्टी सांगायची, शेवट बदलून. तिच्या गोष्टीत समर्थ येत नसत. एक म्हातारी कोयता घेऊन यायची.

परवा तिने विचारलं, "मॅडम, मतकरींचं काही आहे का?" पुस्तक कपाटात होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काढून दिलं. मागच्या पानावर पेन्सिलीने लिहायची तिला परवानगी आहे.