चार पूर्णांक सहा दशांश

आमच्या लहानपणीं आमच्या घरांत दोनच वाहनें होतीं. एक वडिलांची सायकल, आणि दुसरी दादांच्या अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटविलेली तांबडी मोटार. ही दुसरी त्यांनीं सांगलीच्या एका रद्दीच्या दुकानांत मिळालेल्या मार्च १९६४च्या 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकन मासिकांतून कापून आणली होती. गाडीचें नांव पाँटिॲक जीटीओ. उभ्या जागेवरून निघून ताशीं ६० मैलांचा वेग ती ४.६ सेकंदांत गांठते, असें त्यांत छापलें होतें. इतिहासाच्या सनावळ्या सांगतांना आम्ही नेहमींच अडखळत असूं. पण 'चार पूर्णांक सहा दशांश' हा आंकडा दादांनीं आमच्याकडून असा घोटून घेतला होता, कीं झोपेंतहि तो आम्हांस चुकला नसता.

पुढें दादा इंजिनियर झाले, १९८८ सालीं अमेरिकेस गेले आणि डेट्रॉइटच्या उत्तरेस, वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या जवळ, घर करून राहिले. याच रस्त्यावर १९६०च्या दशकांत रात्रीं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत चोरून शर्यती लागत. सेवानिवृत्त झाल्यावर दादांनीं पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर १९६८ सालची एक जीटीओ विकत घेतली. ६.६ लिटरचें इंजिन आणि ३५० अश्वशक्ति! मे महिन्याच्या सुटींत आम्ही त्यांच्याकडे गेलों, तेव्हां सामान उतरविण्यापूर्वींच त्यांनीं आम्हांस तींत बसविलें. तो गंभीर घरघराट, पेट्रोलचा वास, पुढचें नाक वर उचलून निघालेली ती गाडी! आम्हांस तर आपण विजेवर स्वार झालों आहोंत असेंच वाटलें.

मागल्या बाकावर आमचा पुतण्या बसला होता. तो शांतपणें म्हणाला, "काका, माझी कॅम्री हिच्यापेक्षां जोरांत पळते."

दादा कांहीं बोलले नाहींत. हा मुलगा इंजिनियरिंगचा अभ्यास दुसऱ्या वर्षीं सोडून एका शाळेंत संगीत शिकवूं लागला, तेव्हांपासून बापलेकांत बोलणें बेताचेंच. 'आमच्या वेळचा दम ह्यांच्यांत नाहीं,' हें दादांचें आवडतें वाक्य. त्यामुळें ही गोष्ट दोन मोटारींपुरती उरली नाहीं. येत्या शनिवारीं, फी भरून कोणासहि आपली गाडी पळवितां येते अशा एका शर्यतपट्टीवर जावयाचें, असें ठरलें.

मधल्या चार दिवसांत आम्हीं, प्राध्यापकाच्या संवयीप्रमाणें, या विषयाचें वाचन केलें, आणि आमचा जीव दादांसाठीं हळहळूं लागला. १९७१ पर्यंत अमेरिकेंतील कारखाने आपली अश्वशक्ति मोजीत ती ग्रॉस पद्धतीनें. इंजिन सुटें चौथऱ्यावर बसवावयाचें. हवेची गाळणी, पंखा, डायनॅमो हीं त्याच्या जिवावर जगणारीं माणसें दूर करावयाचीं. धूर सायलेन्सरमधून न नेतां मोकळा सोडावयाचा. आणि मग येईल तो आंकडा जाहिरातींत छापावयाचा. आम्हां पगारदारांस ही पद्धत नवी नाहीं. पगारपत्रकावरचा वरचा आंकडा लग्न जुळवितांना सांगावयाचा असतो; घर चालतें तें सारी कापाकापी होऊन हातांत पडणाऱ्या आंकड्यावर. १९७२ पासून कारखाने नेट आंकडा देऊं लागले. त्याच्या आदल्या वर्षीं जनरल मोटर्सनें दोन्ही आंकडे दिले, तेव्हां शेव्हरोलेच्या ४५४ घनइंचांच्या एका इंजिनाचे ३६५ घोडे नेट मोजणींत २८५ भरले. ऐंशी घोडे तबेल्यांतच राहिले!

सगळेच आंकडे फुगविलेले होते असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. फोर्डच्या १९६८ सालच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनाची शक्ति ३३५ म्हणून सांगत. प्रत्यक्षांत ती पुष्कळ अधिक होती. विम्याचा हप्ता वाढूं नये, शर्यतींत सोईच्या वर्गांत नांव लागावें, म्हणून कांहीं कारखाने घोडे लपवीतहि असत. एकंदरींत, खरा आंकडा सांगणें कोणाच्याच सोईचें नव्हतें.

शिवाय शक्ति नुसती इंजिनांत असून भागत नाहीं. ती रस्त्यापर्यंत पोंचावी लागते. त्या काळचे टायर अरुंद आणि तिरप्या धाग्यांच्या बांधणीचे. ॲक्सिलरेटर जोरानें दाबला कीं मागचीं चाकें जागच्या जागीं फिरत आणि रबराचा धूर निघे. चित्रांत हा धूर पराक्रमाचा वाटतो. वस्तुतः तो वायां गेलेल्या शक्तीचा असतो. पुष्कळ गाड्यांस चारी चाकांना ड्रमचे ब्रेक असत. दोनतीनदां जोरानें दाबले कीं ते तापून ढिले पडत.

आणि भिंतीवरची ती तांबडी गाडी? चांचणीसाठीं मासिकाकडे दिलेल्या दोन गाड्यांपैकीं तांबडीच्या पोटांत जीटीओचें ३८९ घनइंचांचें इंजिन नव्हतेंच. ४२१ घनइंचांचें मोठें इंजिन गुपचूप बसविलेलें होतें. पाँटिॲकच्या जाहिरातींचे सूत्रधार जिम वँगर्स यांनींच हें पुढें कबूल केलें. हें वाचून आमच्या बालपणाची एक भिंतच खचल्यासारखें आम्हांस झालें. दादांना तें सांगण्याचा धीर मात्र झाला नाहीं.

शनिवारीं पाव मैलाची धांव झाली. पुतण्याची कॅम्री म्हणजे २०१८ सालची, सहा सिलिंडरची, ३०१ नेट अश्वशक्तीची, बाजारहाट करणारी घरगुती गाडी. ती कांहीं एक गाजावाजा न करतां निघाली आणि १४.५ सेकंदांत पोंचली. दादांची जीटीओ गर्जत, धूर काढीत निघाली. प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या त्या तिलाच. यंत्रानें कागद दिला: १५.२.

दादांनीं तो कागद दोनदां वाचला, घडी करून खिशांत ठेवला, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "तें चार पूर्णांक सहा खोटें होतें. मला वीस वर्षांपूर्वींच कळलें."

"मग आम्हांला सांगितलें कां नाहीं?"

"तुझ्या तोंडून तो आंकडा ऐकायला बरें वाटे रे."

आम्हीं मान खालीं घातली. वर्गांत 'आमच्या वेळीं' हे शब्द आमच्या तोंडून तासाला किती वेळां निघतात, याची गणती आमचे विद्यार्थी ठेवीत असतील तर ठेवोत. आमच्या वेळच्या त्या विद्वत्तेचें मोजमापहि आम्ही चौथऱ्यावरच करीत आलों आहोंत. नापास झालेला पेपर, वडिलांनीं फेडलेलें कर्ज, उसन्या आणलेल्या वह्या हें सारें सुटें करून बाजूस ठेवावयाचें, आणि उरेल तो आंकडा पोरांच्या अंगावर फेंकावयाचा. तीं बिचारीं मात्र आपल्या सगळ्या ओझ्यासकट धांवत असतात.

दादा मुलाजवळ गेले. "तुझी गाडी चांगली पळते," एवढेंच म्हणाले, आणि जीटीओची किल्ली त्याच्या हातांत दिली. ती किल्ली आजवर त्यांनीं दुसऱ्या कोणास दिली नव्हती.

"बाबा, मी चालवूं?"

"माझा खांदा दुखतो. सांभाळून ने. ब्रेक आधींपासून दाबावे लागतात."

आम्ही दोघे कॅम्रींतून मागोमाग निघालों. पुढें तो पोर जपून, अगदीं सावकाश गाडी हांकीत होता. वुडवर्डच्या एका सिग्नलला दोन्ही गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या. दिवा हिरवा झाला. दादांनीं मुद्दाम मुलाला पुढें जाऊं दिलें, आणि आपल्या बाजूची कांच खालीं घेतली.