बाण रस्त्याला चिकटतो कसा?

तुम्ही अजून पाहिलं नसेल तर आधी हे ऐका. समोरच्या काचेतून नेहमीचा रस्ता दिसतोय, आणि पुढे जिथे डावीकडे वळायचंय तिथे डांबरावर एक निळा बाण पडलाय. काचेवर नाही हो, रस्त्यावर! कोणी रंगाने काढून ठेवलाय की काय, असं वाटून मी चक्क ब्रेकवर पाय ठेवला.

हेड-अप डिस्प्ले हे नाव कानावरून गेलं होतं, एवढंच. भाच्याने नवी गाडी घेतली. तो पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचंच काम करतो, त्यामुळे कौतुक दुप्पट. आधी मी त्याच्या शेजारी बसले तर मला काहीच दिसेना. "मावशी, तिथून नाही दिसायचा. इकडे ये." जागा बदलली आणि बाण हजर! मान थोडी जास्त खाली घातली की गायब. डॅशबोर्डच्या आत छोटा प्रोजेक्टर आणि आरसे असतात. त्यांचा प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन फक्त चालकाच्या डोळ्यांभोवतीच्या एका चौकटीत येतो. ही चौकट साधारण १३ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच असते. तिच्या बाहेर बसलेल्याला बाण नाहीच.

मी गाडी चालवायला घेतली. सरळ रस्त्यावर बाण असा घट्ट बसलेला, की वा! मग स्पीडब्रेकर आला. बाण टुणकन वर उडाला, क्षणभर लांब कुठेतरी जाऊन पडला आणि पुन्हा जागेवर आला. "हे काय रे?" तो हसला आणि म्हणाला, "आमची सगळी डोकेदुखी तीच आहे." पुढच्या टपरीवर चहा घेताना त्याने बिलाच्या पाठीवर जे गणित मांडलं, त्याने मी थक्क झाले.

चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरा. ३० मीटरवरचं वळण क्षितिजरेषेच्या फक्त २.३ अंश खाली दिसतं. बाण गाडीच्या अंगाला बांधलेला. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक एक अंश झुकलं तर तो ३० मीटरवरून थेट २१ मीटरवर येतो. नाक एक अंश उचललं तर ५३ मीटरवर! म्हणजे ह्या गल्लीचा बाण पुढच्या गल्लीत. एका अंशाने एवढा गोंधळ होतो आणि आपले रस्ते दर मिनिटाला किती अंश देतात, ते काय सांगायचं.

त्यात उशीर. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद जातात. मग संगणकाने रस्ता ओळखायचा, बाण काढायचा, आणि सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर आपल्या पाळीची वाट बघायची. सगळं मिळून १०० मिलिसेकंद सहज होतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी दोन मीटर पुढे गेलेली असते. ते एक वेळ परवडलं, वळताना जास्त वाईट. गाडी सेकंदाला २० अंशांनी वळत असेल तर तेवढ्यात ती दोन अंश फिरते आणि ३० मीटरवरचा बाण मीटरभर बाजूला सरकतो.

१९८८ मध्ये जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल गाडीत असा डिस्प्ले आला तेव्हा ही भानगडच नव्हती. काचेत वेगाचा आकडा दिसायचा. आकडा कशालाच चिकटायचा नसतो, तो क्षणभर उशिरा आला तरी कुणाला कळतंय? बाणाला मात्र रस्ता धरून बसावं लागतं.

आणि आता खरी गंमत. मला वाटलं होतं, वेगवान चिप टाकली की उशीर संपला. छे! उशीर पूर्ण संपतच नाही. मग करतात काय? बाण आत्ताच्या रस्त्यावर काढतच नाहीत! चित्र डोळ्यापर्यंत पोहोचेल तेव्हा गाडी कुठे असेल, हे आधीच मोजून त्या जागेसाठी काढतात. सीमारेषेवरचा खेळाडू चेंडू जिथे आहे तिकडे धावत नाही, जिथे पडणार तिकडे धावतो, तसं. आपण बघत असतो तो बाण काढताना ते दृश्य अजून घडलेलंच नव्हतं! हे कळल्यावर मी चहा तसाच ठेवला.

एवढ्यावर थांबत नाहीत. अंदाज थोडा तरी चुकणारच, म्हणून चित्र जरा मोठं काढून ठेवतात. पडद्यावर जायच्या ऐन वेळी गाडीतल्या जायरोस्कोपला पुन्हा विचारतात, कारण तो सेकंदाला शेकडो वेळा कल सांगू शकतो. तयार चित्र तेवढंच सरकवायचं, नव्याने काढायचं नाही. डोक्याला लावायच्या व्हीआर चष्म्यांसाठी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅकने २०१३ मध्ये ही युक्ती सविस्तर मांडली होती. खेळांसाठी घासलेलं हत्यार रस्त्यावर कामी आलं!

मग स्पीडब्रेकरवर बाण का उडाला? कारण धक्का आगाऊ कळवत नाही. मागच्या हालचालीवरून पुढची सांगता येते, पण खड्ड्याचा सुगावा मागच्या हालचालीत नसतो. थरथर कमी करायला मोजमापांची सरासरी घ्यावी, तर तीच सरासरी नवा उशीर घालते. सरासरी सोडली तर बाण सतत कापतो. ही कात्री मला सगळ्यात आवडली. ती सुटत नाही, प्रत्येक कंपनीला आपापला तोल ठरवावा लागतो.

डोकं हलवलं तरी बाण सरकतो, तो वेगळाच प्रकार. साध्या डिस्प्लेत चित्र डोळ्यांपासून दोन-अडीच मीटरवर असल्यासारखं दिसतं. अडीच धरा. डोकं ५ सेंटिमीटर बाजूला नेलं की ३० मीटरवरच्या रस्त्यावर बाण अर्ध्या मीटरहून जास्त सरकतो. तेच चित्र १० मीटरवर नेलं तर फक्त १० सेंटिमीटर. मर्सिडीजने २०२० च्या एस-क्लासमध्ये चित्र १० मीटरवर नेलं, त्याचं मोल मला टपरीवर कळलं. आपल्या चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्येही वरच्या श्रेणीत रस्त्यावर खुणा दाखवणारा डिस्प्ले मिळतो. घराजवळची गोष्ट आहे ही!

तेव्हा अशी गाडी घेणार असाल तर गुळगुळीत रस्त्यावरच्या टेस्ट ड्राइव्हवर भुलू नका. विक्रेत्याला स्पीडब्रेकर आणि एक चांगलं वळण असलेल्या रस्त्याने न्यायला सांगा. बाण किती उडतो आणि किती लवकर परततो ते बघा, डोकं थोडं डावी-उजवीकडे करून बघा. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो काढा, त्यातून चित्र फिकं पडतं. आणि उद्या काच फुटलीच, तर हेड-अप डिस्प्लेसाठीचीच काच बसवून घ्या. तिच्या दोन थरांमधलं प्लास्टिक एका बाजूला किंचित जाड असतं, नुसत्या डोळ्याला कळणार नाही इतकं. साधी काच बसवली तर एकाच्या जागी दोन बाण दिसतील.