जोडाच्या आतलं

शनिवार, रात्र. शिफ्ट सुटली की खोलीवर येऊन रेडिओग्राफीचं पुस्तक उघडतो. तळोजा एमआयडीसीत पाइपांचे वेल्डिंगचे जोड इतकी वर्षं बाहेरूनच पाहिले. आता आतलं वाचायला शिकतोय. राँटगेननं 1895 मध्ये बायकोच्या हाताचं एक्स-रे चित्र घेतलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानं आपल्या बंदुकीचंही घेतलं होतं, हे वाचून मला फार आनंद झाला. म्हणजे धातूच्या आत पाहायचं आमचं कामही जवळजवळ तितकंच जुनं!

आज इरिडियम-192 या किरणांच्या स्रोताचं गणित केलं. सुमारे 74 दिवसांत स्रोताची ताकद निम्मी होते. तशीच फिल्म हवी तर वेळ दुप्पट द्यावा लागतो. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते. हा नियम पाठच हवा, कारण किरण दिसत नाहीत, त्यांना वासही नाही. टीएलडी बिल्ला किती मात्रा लागली ते नोंदतो, अडवत नाही.

आई फोनवर विचारते, "धोका आहे का रे?" वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा तिला कशी सांगू? जागेभोवती दोरी बांधून, सर्व्हे मीटर हातात धरूनच काम करतात, एवढं सांगितलं.

उद्या फिल्मवरच्या भेगा ओळखायचा सराव. भेग किरणांच्या दिशेला तिरकी असेल, तर ती बऱ्याचदा फिल्मवर उमटतच नाही.