गोधडीचे वजन

अंबाजोगाई परिसरातल्या खेड्यांत गोधड्या शिवणाऱ्या काही बायकांचा माल आम्ही गेली काही वर्षे एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावरून विकत आहोत. ज्या गावात दासोपंतांची पासोडी आजही जपलेली आहे, तिथून जुन्या लुगड्यांची गोधडी पुण्या-मुंबईला जावी, याचे आम्हांला सुरुवातीला मोठे अप्रूप वाटले. पुढे जे अनुभवास आले, ते साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावेसे वाटते; त्यात भाषेचाही एक प्रश्न दडलेला आहे.

गोधडी एकासारखी दुसरी नसते. घरात जी लुगडी जीर्ण झाली, त्यांचेच रंग तिच्यात उतरतात. संकेतस्थळाला मात्र एका छायाचित्रामागे अनेक सारख्या वस्तू हव्या असतात. ‘वस्तू चित्राप्रमाणे नाही’ एवढे कारण देऊन गोधडी परत येते. जाण्याचे भाडे कापलेले असतेच, येण्याचेही कापले जाते.

वजनाची तऱ्हा याहून वेगळी. कुरिअरच्या हिशोबात पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला बहुधा 5000 ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनाहून मोठा असेल, तर भाडे त्यावर लागते. 45, 35 आणि 20 सेंटिमीटरच्या गठ्ठ्याचे ‘वजन’ अशा रीतीने 6.3 किलो होते. काट्यावर तीच गोधडी अडीच किलो भरते. गाडीत जागा अडते, हे आम्हांला मान्य आहे. पण ही मोजणी आमच्या माघारी, कुठल्याशा केंद्रात होते. एकदा याच मापाच्या गठ्ठ्याची उंची 30 लावली गेली आणि 9.45 किलोचे भाडे वळते झाले. आम्ही पट्टी लावलेली छायाचित्रे पाठवली. ‘तपासणी पूर्ण झाली असून आकारणी योग्य आहे’, असे उत्तर आले. कोणी तपासले, कशाने मोजले, याचा उल्लेख नाही. खाली सही नाही.

मराठवाड्यातल्या मोंढ्याला हे गाऱ्हाणे नवे नाही. आडत, तोलाई, हमाली, कडता आणि वर धर्मादाय अशा कपातींनी शेतकऱ्याची पट्टी पोखरली जाई. शेतीविषयक रॉयल कमिशनने 1928 साली नियंत्रित बाजारांची शिफारस केली. 1930 मध्ये हैदराबाद संस्थानाने शेतमाल बाजाराचा कायदा केला, आणि बीड तेव्हा त्याच संस्थानात होते. पुढे 1963 चा महाराष्ट्राचा कायदा आला. या कायद्यांमागचा विचार साधा होता: माप करणारा परवानाधारक असावा, कपाती ठरलेल्या असाव्यात, आणि तंटा झाला तर तो नेण्यासाठी एक जागा असावी. त्यामुळे मोंढा निर्मळ झाला, असे कोणी म्हणणार नाही. तरी काट्यापाशी उभे राहून ‘पुन्हा माप’ म्हणण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. आमच्या नव्या बाजारात बाजाराचा मालक, मापाडी आणि पंच हे सारे एकाच दाराआड बसलेले आहेत.

गोदामाची सेवाही आम्ही घेतली, आणि त्यामागे इथलेच कारण होते. गोधडीला मागणी येते थंडीत. आणि शिवणाऱ्यांपैकी अनेक जणी दसरा-दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेल्या असतात. म्हणून माल आधीच शिवून संकेतस्थळाच्या गोदामात ठेवला. बांधणे, पाठवणे त्यांच्याकडे. परत आलेल्या सहा गोधड्यांवर ‘विक्रीस अयोग्य’ असा शिक्का बसला. त्या तिथे ठेवायचे भाडे चालू, आणि आपलाच माल परत मागवायचा तर त्याचेही शुल्क. विचारावे कोणाला? गोदामातला कामगार कंत्राटदाराचा, गाडी दुसऱ्याची, दारात पार्सल देणारा मुलगा तिसऱ्याचा. बीड जिल्ह्याला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. फडात काही झाले की मजूर कारखान्याचे नसतात, मुकादमाचे असतात. ज्या बाईने सहा महिने हे ऐकले, तिने उरलेल्या सहा महिन्यांत शिवलेल्या गोधडीबद्दलही तेच ऐकावे, हे आम्हांला फार लागले.

भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ आपण सर्वांनी वाचली, अनेकांनी शिकवली आहे. त्या कथेतला बाप भाव न मिळालेले टोमॅटो भर बाजारात तुडवतो. त्या संतापाला पायाखाली जमीन आहे, भोवती बघणारी माणसे आहेत. सावकार, आडत्या, मापाडी यांना आपल्या साहित्याने चेहरे दिले, बोली दिली. सही नसलेल्या ईमेलला कोणती बोली द्यायची? आमच्या बायका त्याला नुसते ‘ते’ म्हणतात: ‘त्यांनी कापले’, ‘त्यांनी परत धाडले’. या सर्वनामामागे नाम नाही. उद्याच्या मराठी कथाकाराला ही अडचण सोडवावी लागेल.

एक बाजू नोंदवलीच पाहिजे. मोंढ्याने आमची गोधडी कधी नागपूरपर्यंत नेली नसती. या संकेतस्थळाने नेली. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय संकेतस्थळावरून माल विकता येतो, हीही सोय झाली. ती राज्यापुरतीच आहे. त्यामुळे नोंदणी नसलेल्या बाईची गोधडी दूरच्या मुंबईला जाते, जवळच्या बीदरला जात नाही.

2020 च्या ई-वाणिज्य नियमांनी ग्राहकाच्या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याचे बंधन घातले. विक्रेत्याच्या वाट्याला असे काही आले नाही. युरोपीय संघात 12 जुलै 2020 पासून विक्रेत्याचे खाते रोखायचे तर कारण लेखी द्यावे लागते, आणि अटी बदलायच्या तर किमान 15 दिवस आधी कळवावे लागते. आपल्याकडे एवढे झाले आणि जोडीला त्रयस्थ मापाडी मिळाला, तरी पुष्कळ होईल. तोवर त्या सहा गोधड्यांचे शुल्क आम्ही भरले आहे. चार परत आल्या. दोहोंचा शोध चालू आहे, असे ‘ते’ कळवतात.