११९८२ नंबरचा डाव

कॉम्प्युटरवर पत्ते खेळणे म्हणजे टाइमपास, असे प्रत्येक घरातले ठाम मत असते. पण 'फ्रीसेल' त्यात मोडत नाही. (निदान आईला तरी मी हेच सांगतो!)

वसमतला आमच्या घरी काकांचा जुना विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर आहे. नेट नाही, पण फ्रीसेलचे दहा लाख डाव आहेत. प्रत्येकाला नंबर, नंबर टाकला की तोच डाव परत हजर. बावन्नच्या बावन्न पत्ते आठ रांगांत उघडे मांडलेले. रांगेत लालवर काळा, काळ्यावर लाल असे उतरत लावायचे, आणि एक्क्यापासून राजापर्यंत चार गड्ड्या पूर्ण करायच्या. अडलेला पत्ता ठेवायला चार मोकळे सेल. बस्स!

हा खेळ १९७८ मध्ये पॉल अल्फिल याने इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो सिस्टिमवर लिहिला. तो मेडिकलचा विद्यार्थी होता. इंजिनिअरिंगवाल्याला सुचला नाही याचे जरा वाईट वाटते. असो. पुढे विंडोजच्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव आले. १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग याने इंटरनेटवर माणसे जमवून ते सगळे वाटून दिले. एक सोडून सगळे सुटले. तो एक म्हणजे ११९८२. एक्सपीच्या दहा लाखांतही न सुटणारे फक्त आठच आहेत. म्हणजे हरलो तर 'पत्तेच वाईट आले' म्हणायची सोय नाही!

चांगले खेळायचे तर आधी हात आवरायचा. एक्के आणि दुर्र्या कुठे गाडल्यात ते बघायचे, आणि मगच पहिली चाल. एक्सपीत चाल मागे घेता येते ती एकच. सेल म्हणजे दुकानातली उधारी. घेताना गोड वाटते. तीन सेल रिकामे असतील तर चार पत्ते एका दमात हलतात. शिवाय एक रांग रिकामी असेल तर आठ! रिकाम्या सेलांत एक मिळवायचा आणि प्रत्येक रिकाम्या रांगेसाठी दुप्पट करायचे, असा साधा हिशोब आहे. म्हणून रिकामी रांग मिळाली की लगेच राजा बसवायची घाई करू नये.

आता आबांबद्दल. आजी गेल्यापासून आबा दुपारी एकटेच पत्ते मांडून बसतात. त्यांचे-माझे बोलणे म्हणजे "जेवलास का?" "हो." मी लहानपणापासून कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे पुढे काय बोलायचे हा दोघांनाही प्रश्न. या सुट्टीत मी त्यांना फ्रीसेल शिकवायचे ठरवले. त्यांचा हात थरथरतो, माऊस जमत नाही. मग सतरंजीवर खराच कॅट मांडला.

आबा बघतच राहिले. "सगळंच उघडं दिसायलंय की रे. मग नशिबाला काय काम?"

मी म्हटलं, तीच तर मजा आहे. त्यावर म्हणाले, "आमचा सगळा डाव पालथाच होता बाळा." जूनच्या पावसावर हळद लावायची, नऊ महिने सांभाळायची, काढून, शिजवून, वाळवून बाजारात न्यायची, आणि भाव काय तो तिथे गेल्यावर कळणार. पन्नास वर्षे त्यांनी हेच केले. मी एवढे त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

चौथ्या दिवशी त्यांचा पहिला डाव सुटला. तेव्हा मी त्यांना ११९८२ ची गोष्ट सांगितली. हाताने पिसलेल्या कॅटला नंबर नसतो, तेव्हा समोरचा डाव सुटणारा आहे की नाही हे आधी कळत नाही. आबा एकदम खूश! "म्हणजे नशीब आहेच की थोडं!"

आता मी हॉस्टेलवर आहे. सबमिशनच्या धांदलीतही रविवारी त्यांचा फोन येतो. "दुसऱ्या रांगेत तळाला इस्पिकचा एक्का अडकलाय. तीन सेल भरलेत. काय करू?" मी जर्नलच्या मागच्या पानावर डाव मांडून घेतो. इस्पिक, किलवर म्हटले की मला अजून मनात स्पेड, क्लब करून घ्यावे लागते. आबा तेवढा वेळ थांबतात.