सत्तर आणि तेरा यांच्यामधले अंतर

उच्च रक्तदाब असलेल्या भारतीयांना कोणत्या दोन औषधांची जोडी सर्वांत अधिक लागू पडते, हा प्रश्न घेऊन देशभरातील ३२ रुग्णालयांत ‘टॉपस्पिन’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. १,९८१ रुग्णांना तीनपैकी एक जोडी एकाच गोळीतून देण्यात आली. तिन्ही जोड्या सारख्याच गुणकारी ठरल्या, आणि सहा महिन्यांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला.

बातमी चांगलीच आहे. मात्र तिच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा लागतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार पाहणीत, १८ ते ६९ वयोगटातील उच्च रक्तदाबाच्या दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे २८ जणांनाच आपल्याला हा विकार असल्याचे ठाऊक होते. १५ जण उपचार घेत होते. दाब आटोक्यात होता १३ जणांचा. चाचणीत सत्तर, समाजात तेरा. चाचणीतील रुग्णाला गोळी हातात मिळते, तारीख कळवली जाते, तो आला नाही तर विचारपूस होते. गोळीइतकाच हा बंदोबस्तही औषधाचा भाग असतो, पण शोधनिबंधाच्या शीर्षकात तो येत नाही.

आधी गोळीचे काम पाहू. नळीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा रोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली की रोध दीडपटीहून थोडा अधिक होतो. रक्त हा काही आदर्श द्रव नव्हे आणि धमनी ही काचेची नळी नव्हे, तरी शरीर दाबाचे नियमन मुख्यतः याच नियमाच्या जोरावर करते. नियम मांडणारा पॉयझय हा वैद्यकाचा पदवीधर होता. १८२८ च्या प्रबंधात त्याने धमनीतील दाब पाऱ्याच्या नळीने मोजला होता. अ‍ॅम्लोडिपिनसारखे औषध सूक्ष्म धमन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करते, त्रिज्या किंचित वाढते आणि दाब उतरतो. गोळी थांबली की काही दिवसांत स्नायू पुन्हा आवळले जातात. आणि दुखत काहीच नाही. ताप परतला तर रुग्ण परततो. दाब परतला तर तो कामावर जातो.

फरीदाबादमध्ये हे ‘कामावर जाणे’ फार नेमके असते. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली ही औद्योगिक नगरी आज उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगारांवर चालते. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो, पाळीही सकाळीच सुरू होते. कंत्राटी कामगाराने गोळ्यांसाठी रांग धरली तर खाडा पडतो. पंधरा दिवसांच्याच गोळ्या हाती पडल्या तर महिन्याला दोन खाडे. सणाला गावी गेलेला माणूस महिनाभराने परततो, तेव्हा पाकीट केव्हाच संपलेले असते आणि औषधाचा कागद इथल्या खोलीत राहिलेला असतो. अशा माणसाला ‘बेफिकीर’ म्हणणे सोपे आहे. केसपेपरवर तसे सूचित करणारे शेरे लिहिलेही जातात. त्याच्या वेळापत्रकाचा हिशेब मांडला तर तो शेरा टिकत नाही.

मोजण्याची कथाही अशीच. हाताचा पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला, तर रक्ताच्या त्या स्तंभाच्या वजनाने दाब सुमारे आठ मिलिमीटर पाऱ्याने जास्त दिसतो. दंड जाड आणि पट्टा अरुंद असला तरी आकडा चढतोच. रांगेतून धापा टाकत आलेल्याला पाच मिनिटे बसवायचे असते, पण मागे साठ माणसे उभी असतात. नोंदवह्यांतले आकडे शून्याने संपण्याची ओढ तर जगभर आढळते. १३८ चा १४० होतो किंवा १४४ चा, आणि या दोन टोकांमध्ये कुणाची गोळी वाढते तर कुणाची राहून जाते. त्यातच हिवाळा येतो. थंडीने धमन्या आकसतात, आणि जूनमध्ये पुरेशी वाटलेली मात्रा जानेवारीत अपुरी पडते. त्याच महिन्यांत दिल्ली परिसराची हवा सर्वांत वाईट असते. दिल्लीतील प्रौढांवरील अभ्यासात सूक्ष्म धूलिकण आणि वाढता रक्तदाब यांचा संबंध दिसलेला आहे. मिठाचा वाटा वेगळाच. देशात सरासरी दिवसाला आठ ग्रॅम मीठ पोटात जाते, मर्यादा पाच ग्रॅमची. घाम गाळणाऱ्याला ‘मीठ कमी करा’ हे सांगणे पटत नाही, आणि त्याचे जेवण बहुधा खानावळीतले असते.

यातले बरेचसे इथल्या संशोधकांना जुनेच आहे. फरीदाबाद जिल्ह्यातील बल्लभगढमध्ये ‘एम्स’चा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९६५ पासून चालू आहे, म्हणजे हरियाणा राज्य होण्याच्याही आधीपासून. २००३ नंतर असंसर्गजन्य आजारांच्या धोक्यांची जी बहुकेंद्री पाहणी झाली, तीत बल्लभगढबरोबर आपले नागपूरही होते. फरीदाबादच्या झोपडपट्ट्यांत तेव्हाच हे धोके पोहोचलेले आढळले होते. ‘श्रीमंतांचा आजार’ हा शब्दप्रयोग त्याच वेळी निवृत्त व्हायला हवा होता.

मग करायचे काय, याचे एक उत्तर महाराष्ट्रातही आजमावले गेले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. उपाय अगदी साधे होते: ठरलेल्या क्रमाने ठरलेली मोजकी औषधे, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रावर पुढचे उपचार, आणि न आलेल्या रुग्णाला फोन. २०२२ पर्यंत उपक्रम १३० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दाब आटोक्यात आला.

निम्मे म्हणजे सत्तरपेक्षा कमीच. पण इथली मोजणी वेगळी आहे. नोंदवलेला रुग्ण तीन महिन्यांत केंद्रावर फिरकला नाही, तर त्याचा दाब आटोक्यात असल्याचे धरले जात नाही. तो छेदात राहतो, अंशात नाही. ज्या नोंदवहीत फक्त आलेल्यांचेच आकडे असतात, तिथे नियंत्रण नेहमीच उत्तम दिसते. न आलेल्यांचा रकाना उघडला की केंद्राला विचारावे लागते की तो का आला नाही. गोळ्या संपल्या होत्या, पाळी बदलली होती, की तो गावी गेला होता? फरीदाबादच्या कारखान्यांबाहेर सायंकाळी सहानंतर उघडे असणारे औषधकेंद्र हे यांपैकी एका प्रश्नाचे तरी उत्तर आहे, आणि त्यासाठी नवे रेणू शोधावे लागत नाहीत.